दिसत होता, तोवर बरा होता

घरात साप दिसला की माणूस घाबरतो, ही अर्धवट माहिती आहे. साप दिसला की माणूस ओरडतो. घाबरतो तो त्यानंतर. ओरडा ऐकून शेजारचे चारजण काठ्या घेऊन धावत येतात, "खंय? खंय?" करतात, आपण बोट दाखवतो आणि बोटाच्या टोकाला साप नसतो, तेव्हा. कपाटाशी बसलेला साप हा एकच साप असतो. तो कपाटामागे गेला की घरभर होतो. मग तो उशीखाली असतो, तांदळाच्या डब्यात असतो, खुंटीवर टांगलेल्या पँटच्या पायात असतो, आणि रात्री पाय लांब करायची वेळ आली की अंथरुणाच्या टोकाला तर असतोच असतो. गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीकडच्या कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. सापाच्या बाबतीत खरी अडचण विषाची नसते, पत्त्याची असते.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढून विक्रम केला. पुढे कात्रजचं सर्पोद्यानही त्यांनीच उभं केलं. त्यांच्या धाडसाबद्दल दुमत नाही. पण आमच्या वाड्यावरच्या एका काकीला ही हकिगत सांगितली, तेव्हा सुपातले खडे वेचणं न थांबवता ती म्हणाली, "पूण तांकां ते सगळे दिसताले न्ही?" काकीच्या मते बहात्तर दिसणारे साप एका बाजूला आणि न दिसणारा एक दुसऱ्या बाजूला ठेवला, तर विक्रम दुसऱ्या बाजूचा धरायला हवा. त्यातही खैऱ्यांना स्वयंपाक करायचा नव्हता.

पळालेला साप शोधायचं एक रीतसर शास्त्र युरोप-अमेरिकेत तयार झालेलं आहे. तिकडे साप पाळणं हा पुष्कळ ठिकाणी कायदेशीर छंद आहे. बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला चार-पाच फुटी अजगर आणि मक्याच्या शेतातला तो कॉर्न स्नेक, हे तिथले घरोघरचे लाडके. पेटीचं झाकण नीट न लावणं ही माणसाची सवय मात्र जगभर सारखी, त्यामुळे साप पळतात आणि मालक शोधतात. त्यांच्या अनुभवातून काही नियम निघाले आहेत. खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. शोध पेटीपासून सुरू करा, कारण साप बहुधा जवळच असतो. काळोखी, उबदार आणि चिंचोळी जागा आधी पाहा. भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरा, रात्री सरपटला की कुरकुर होईल. उंबऱ्यावर पिठाची पातळ रेघ ओढा, सकाळी माग दिसेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शांत राहा.

नियम चोख आहेत. पण लिहिणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नाही.

खोलीचं दार लावा, म्हणे. आमच्या जुन्या घरांत दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत जातच नाही. पुरुष-दीड पुरुष वर चढते आणि थांबते. तिच्यावर वासे, रिपा आणि कौलं असा एकच मोकळा मुलूख. ओसरीपासून न्हाणीपर्यंत. या खोलीत कुजबुजलं तर तिसऱ्या खोलीतून सासूबाई उत्तर देतात, तिथे सापाला दार लावून कोण अडवणार?

आता काळोखी, उबदार, चिंचोळी जागा. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण, चुलीशेजारी रचलेली लाकडं, लाकडांवर वाळत टाकलेली नारळाची सोडणं. पहिल्याच खोलीत सापाची तीन बिऱ्हाडं सुखाने राहतील. मग माळा. माळ्यावर गेल्या चवथीच्या माटोळीची चौकट, आकाशकंदिलांचे सांगाडे, कुणाच्या तरी लग्नातली तपेली, "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेली कौलं, आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, ज्यांत काय आहे ते उंदरांखेरीज कुणी वाचलेलं नाही. बाहेर गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत. जांभा दगड मुळातच भोकाभोकांचा. त्यातला एखादा सांधा मोकळा झाला की आत कोण शिरलं आणि कुठून निघालं याचा हिशेब देव जाणे. शिवाय नव्या काळाची भर आहे: फ्रिजच्या मागची मोटर, वॉशिंग मशीनचं पोट, अहोरात्र गरम असलेला इन्व्हर्टर. सापाचं रक्त भोवतालच्या हवेप्रमाणे गरम-गार होतं, म्हणून त्याला ऊब लागते. आणि चहूबाजूंनी अंगाला काहीतरी टेकलेलं असलं की त्याला निर्धास्त वाटतं. आपण ज्या कोपऱ्याला "किती ही अडचण" म्हणून नाक मुरडतो, तोच कोपरा त्याला पसंत.

पिठाचा प्रयोग ओळखीतल्या एका घरात झाला. मुलगा बंगळुरूला असतो, त्याने फोनवरून सांगितलं. आईने तांदळाचं पीठ चाळणीने सगळ्या उंबऱ्यांवर भुरभुरलं. पहाटे उठून सगळे वाकून पाहू लागले. सापाचा माग कुठेच नव्हता. पालीचा होता, झुरळांचा होता, मांजराचा दोनदा होता, आणि आजोबांच्या पलंगापासून लाडवांच्या डब्यापर्यंत जाऊन परत आलेली अनवाणी पावलं अगदी ठसठशीत होती. आजोबांना मधुमेह आहे. दुपारपर्यंत सापाचा विषय घरात मागे पडला होता.

परदेशातल्या मोठमोठ्या संस्थांची तरी काय कथा? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून मार्च २०११मध्ये एक इजिप्शियन नाग नाहीसा झाला. सर्पगृह बंद केलं, तज्ज्ञ कामाला लागले. तिकडे कुणीतरी नागाच्या नावाने ट्विटरवर खातं उघडलं आणि तो न्यूयॉर्कभर फिरून काय काय पाहतो आहे ते लिहायला सुरुवात केली. लाखांनी लोक वाचू लागले. आठवड्याभराने नाग सापडला. त्याच इमारतीत, एका काळोख्या कोपऱ्यात. गावभर फिरली ती नुसती बातमी.

स्टॉकहोमच्या स्कान्सेन प्राणिसंग्रहालयातला नागराज त्याच्याही वरताण निघाला. ऑक्टोबर २०२२मध्ये तो छतातल्या दिव्याच्या भोकातून सटकला. पूर्वीचा दिवा चटका बसेल इतका तापायचा, तो काढून वीज वाचवणारा थंड दिवा बसवला होता. नागराजाने बचतीचा लाभ घेतला. मग शोध सुरू झाला. शेवटी क्ष-किरण यंत्र आणून भिंती तपासल्या, तेव्हा तो भिंतीच्या अस्तराच्या पोकळीत दिसला. त्याला बाहेर कसं काढावं यावर खल चालू असताना, एके दिवशी तो आपण होऊन परत आपल्या पेटीत येऊन बसला. एव्हाना त्याचं नावही बदलून निसटण्यात पटाईत जादूगाराचं, हुदिनी, ठेवलेलं होतं. सगळ्या शोधमोहिमेत ज्याने योग्य निर्णय घेतला असा तोच एकटा.

आमच्याकडे पाळलेला साप पळण्याचा प्रश्न कायद्यानेच मिटवून टाकला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, अजगर, धामण यांना पकडणं, पाळणं, मारणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी लहानपणी कोडाईकनालच्या शाळेत वसतिगृहातल्या पलंगाखाली अजगर पाळला होता. ते कायद्याच्या आधीचे दिवस. कायद्याच्या यादीतल्या परदेशी जातीचा साप कुणाकडे असलाच तर २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवताना ज्यांनी तलाठ्याकडे आणि मामलेदाराकडे खेपा घातल्या आहेत, त्यांना या नोंदणीकृत सापाविषयी आदरच वाटेल.

मात्र पेडणे-डिचोलीत साप पाळण्याची गरज पडलेलीच नाही. तो असतोच. या दोन्ही तालुक्यांत एकही अभयारण्य नाही, आणि सापांना ते कुणी सांगितलेलं नाही. गावागावांत सातेरीचं देऊळ आहे. सातेरी म्हणजे वारूळ, आणि गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीच्या मागे ते वाढत असतं. वारूळ बांधते वाळवी, राहायला जातो नाग. स्वतः घर बांधण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. नागपंचमीला चित्रशाळेतून मातीचा नाग पाटावर बसवून घरी येतो, हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचा वास सुटतो, त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही. पाटावरच्या नागाचा एक मोठा गुण असा की तो ठेवला तिथेच असतो.

शिवाय जागेचा राखणदार सापाच्या रूपाने फिरतो, ही श्रद्धा आहेच. त्यामुळे घरात साप निघाला की पहिल्या पाच मिनिटांत घरात दोन तट पडतात. काठी उगारणाऱ्या नातवाला आजी ओसरीवरूनच दरडावते, "मारूं नाकात रे! जाग्याचो राखणदार तो!" नातू काठी खाली करतो. आजी खुर्चीवर पाय वर घेते आणि पुढचं वाक्य बोलते, "पूण घरांत कित्याक आयला तो?" राखणदाराने राखण बाहेरून करावी, असं आजीचं स्वच्छ मत आहे. मला ते अतिशय समतोल वाटतं. निसर्गाविषयी मी ऐकलेल्या बऱ्याच व्याख्यानांत एवढा समतोल नसतो.

मोरजी-मांद्र्याकडे नव्या बंगल्यांची गोष्ट वेगळी. मोप्याच्या सड्यावर २०२३च्या जानेवारीत विमानं उतरू लागली आणि पेडण्यात भाव जमिनीवरून उडाले. जाहिरातींत घरं "निसर्गाच्या कुशीत" असतात. कुशीत काय काय असतं त्याचा तपशील छापील पत्रकात नसतो. तो पहिल्या पावसात कळतो. दिल्लीहून आलेल्या नव्या घरमालकाला धामण दिसते, आणि तो रखवालदाराला विचारतो की हा कुणाचा साप आहे. रखवालदार कोरगावचा. तो खरं तेच सांगतो, "हांगाचोच."

साप दिसेनासा झाल्यावर घरात जमणाऱ्या मंडळींविषयी खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. ओसरीवर प्रथम येतो ओळख पटवणारा. त्याने साप पाहिलेला नसतो, पण तो मण्यार होता हे त्याला माहीत असतं. लगेच दुसरा म्हणतो, मण्यार नव्हे, कवड्या. हा वाद आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्याला कारणही आहे. कवड्या हा घरात येणारा, पाली खाणारा, भिंतीवर सहज चढणारा बिनविषारी साप. मण्यार अत्यंत विषारी. दोघेही रात्री हिंडतात, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, आणि मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असून मानेकडे पुसट किंवा नाहीसेच होतात. म्हणजे निवाडा करायचा तर मान पाहिजे किंवा शेपटी पाहिजे. प्रत्यक्षात घरच्या सुनेला ट्रंकेखाली दिसलेला असतो तो मधला चार बोटांचा तुकडा. तेवढ्यावर ओसरीत तासभर उलटसुलट युक्तिवाद होतात, आणि ज्याने कधी कोर्टाची पायरी चढली नाही तोही "पट्टे मोजले होते का?" म्हणून सुनेची उलटतपासणी घेतो. अशा वेळी शहाणपण एकच: मण्यार समजून चालायचं आणि जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा झोपेत होतो, धड दुखतही नाही, आणि काही तासांनी पोटात कळा येऊन पापण्या जड होतात. पलंग आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा उपाय साधा आहे, म्हणूनच त्यावर ओसरीत कुणी बोलत नाही.

त्यानंतर येतात उपायवाले. एकाच्या मते लसूण ठेचून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवावा. दुसरा फिनेल ओततो. तिसरा रॉकेलची बाटली हुडकतो. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही हे गोव्यातल्या सापांचं भाग्य, कारण त्याने सापाची कातडी होरपळते. चौथ्याला कार्बोलिक साबण आठवतो. आणि एखादी वयनी थेट चुलीत सुक्या मिरच्या टाकते. ही शेवटची युक्ती कमालीची गुणकारी आहे. दोन मिनिटांत घर रिकामं होतं. आजोबा, पोरं, मांजर, ओळख पटवणारे, उपायवाले, सगळे खोकत-खोकत खळ्यात. आत राहतो फक्त साप. लसूण, फिनेल, साबण यांपैकी कशालाही साप भिऊन पळाल्याचा पुरावा नाही. उलट वासाने बिथरून तो आणखी आत शिरतो. तोवर घराला मात्र असा काही वास येऊ लागतो की परत जावं की नाही याचा विचार राखणदाराने नव्हे, आपण करावा.

मोबाईलवाला पोरगा सगळ्यात निरुपद्रवी दिसतो, पण खरी खोड तोच करतो. नियम असा आहे की साप दिसला की एकाने चार-पाच हातांवर उभं राहून, न हलता, न बोलता, त्याच्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने जाणकार सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करायचा. एवढंच. नजर हटली नाही तर साप हरवत नाही, आणि हरवला नाही तर पुढचं सगळं टळतं. पण आमच्याकडे नजर ठेवणारा आधी फोटो काढतो, मग तो गटावर टाकतो, मग "कुठला आहे?" असं विचारून उत्तराची वाट पाहतो. मान वर करतो तेव्हा बत्तीस जणांनी हात जोडलेले असतात आणि साप गेलेला असतो. फोटो बहुधा हललेला. त्यात ठळक दिसते ती फरशी.

असो. सर्पमित्र येतो. पावसाळ्यात त्याचा फोन अखंड वाजत असतो, तरी आवाज कधी चढलेला नसतो. तो आला की पहिला प्रश्न विचारतो, "पयलीं कोणें पळयलो?" खळ्यातले सगळे हात वर होतात. दुसरा प्रश्न, "निमाणें खंय पळयलो?" आता शेवटचा कुठे दिसला याच्या इतक्या जागा पुढे येतात की साप नव्हे, शिमग्याचा रोमटामेळ घरातून गेला असावा असं वाटतं. तो सगळं ऐकून घेतो आणि मग हळूच विचारतो की पाहिला तेव्हा कोण एकटंच होतं. गर्दीच्या मागून, हातात खराटा धरून उभी असलेली कामवाली मुलगी बोलते. ट्रंकेखाली. भिंतीकडून कपाटाकडे. तिला आत्तापर्यंत कुणी विचारलेलंच नसतं.

"तुमी सगळीं भायर रावात. हांव पळयतां."

एका अनुभवी माणसाला हे काम करताना मी जवळून पाहिलं आहे, आणि त्यात नाट्य असं काहीच नव्हतं. त्याने आधी खिडक्यांचे पडदे बाजूला केले. मग पाय पाहिले: आपले. पायांत बूट होते का, एवढंच तपासलं. विजेरी खांद्याजवळ धरली, म्हणजे डोळ्यांची आणि उजेडाची रेघ एक झाली. कुठेही हात घालायचा नाही, हा त्याचा एकमेव नियम. ट्रंक दोन्ही हातांनी उचलली नाही; आकडीने पुढे ओढली, स्वतः मागे राहून. खाली काही नाही. कपाट भिंतीपासून टीचभर सरकवलं, थांबला. पुन्हा टीचभर. साप शोधताना घाई केली तर तो जिथे असेल तिथून आणखी आत जातो, आणि जड वस्तू ओढली-आपटली तर चिरडतो. एकेक वस्तू बाहेर काढून, झटकून, तपासलेल्या बाजूला ठेवायची. तपासलेल्याचा ढीग आणि राहिलेल्याचा ढीग एकमेकांत मिसळू द्यायचा नाही. या पद्धतीने त्या दुपारी कपाटामागून जे निघालं ते असं: टीव्हीचा हरवलेला रिमोट, विम्याची पावती, एका कानातलं कुडं ज्यासाठी मागे एका मोलकरणीवर नसता आळ आला होता, सोलापुरी चादर, आणि एक बाहुली. साप सोडून घरातलं सगळं सापडलं. काकीने कुडं पदराला पुसलं आणि कुणाकडेही न पाहता स्वयंपाकघरात गेली.

साप शेवटी सापडला तो शिलाई मशीनच्या पायडलाखाली, लोखंडी नक्षीच्या मधे, स्वतःला त्या नक्षीत इतका बेमालूम गुंफून की दोनदा विजेरी फिरूनही दिसला नव्हता. विळख्याचा एकच पट्टा नक्षीशी जुळत नव्हता. सर्पमित्राने चिमटा वापरला नाही, शेपूट धरून उलटा लटकावला नाही, छायाचित्रासाठी गळ्यात घातला नाही. पिशवीच्या तोंडाशी काळ्या पाइपचा एक तुकडा बांधला, तो पाइप सापाच्या तोंडासमोर जमिनीला टेकवून ठेवला, आणि मागच्या बाजूने आकडीने हलकेच स्पर्श केला. समोर काळोखं भोक, मागे कटकट. साप सरळ पाइपमधून पिशवीत गेला. पिशवीला पीळ, पिळाला गाठ. सगळं मिळून मिनिट लागलं नसेल. बाहेरच्या मंडळींची निराशा त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हती. एवढं फिनेल ओतून शेवटी हे?

कवड्या निघाला. ओसरीतला एक तट जिंकला, पण दुसरा तट मानायला तयार नव्हता. त्यांचं म्हणणं, हा कवड्या आहे, पण आधी दिसला तो मण्यारच होता.

अजगराचं शोधकाम त्या मानाने सोपं. अजगर, म्हणजे काही गावांतला आर, कोंबड्यांच्या खुराड्यात जाळीच्या भोकातून बारीक होऊन शिरतो, एक-दोन कोंबड्या गिळतो आणि मग त्याच भोकातून बाहेर पडता येत नाही म्हणून तिथेच राहतो. सकाळी मालक येतो, कोंबड्या मोजतो, आणि अजगराकडे पाहतो. बेरीज जुळते. तिथे सर्पमित्राला खरी काळजी सापाची नसते, मालकाच्या मेव्हण्याची असते. कारण डिवचलं की अजगर गिळलेलं भक्ष्य ओकून टाकतो, आणि मेव्हण्याला ते पाहायचं असतं.

स्कूटर हे मात्र नवं दुखणं. पावसात डिचोलीच्या बाजारात स्कूटर उभी केली की हँडलच्या मागच्या पोकळीत, डिकीखाली, इंजिनाच्या उबेला एखादं पिल्लू शिरतं. त्यानंतर होणारा सोहळा म्हणजे मेकॅनिक आणि सर्पमित्र यांची संयुक्त सभा. मेकॅनिक एक-एक स्क्रू काढतो आणि प्रत्येक स्क्रूला दोन पावलं मागे सरतो. प्लॅस्टिकची कवचं निघत जातात, भोवती वाहतूक खोळंबते, बसवाला हॉर्न वाजवायचं सोडून खिडकीतून सल्ला देतो. शेवटी उरतो गाडीचा सांगाडा, जमिनीवर स्क्रूंची रांगोळी, आणि साप गेलेला असतो शेजारच्या स्कूटरमध्ये. तिचा मालक मासळी घेऊन परत येतो, तो हे सारं अगदी मजेत पाहत उभा असतो.

चावलाच तर काय, हेही ओसरीत विचारू नये. भारतात सापाच्या दंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली कितीतरी ओसरीवरच्या चर्चेत वेळ गेल्याने. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू न देता १०८ला फोन करून इस्पितळ गाठायचं. गरज पडली तर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवतात. साप ओळखीसाठी बरोबर न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच असते. तरीही कुणीतरी नेतोच, आणि मग साप इस्पितळात हरवतो.

पिशवी स्कूटरच्या हुकाला लागली की शेवटचा वाद निघतो: सोडणार कुठे? डिचोलीकरांचं म्हणणं, सत्तरीत सोडा. तिथे म्हादईचं २०८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, एवढ्यात एक कवड्या काय जड आहे? सत्तरीकरांना हे कुणी विचारलेलं नाही. पेडणेकरांचा दृष्टिकोन अधिक व्यापक. ते म्हणतात तिळारीकडे सोडा, म्हणजे राज्याबाहेर. पत्रादेवीच्या नाक्यावर त्याच्याकडे कागद कोण मागणार? सर्पमित्र मान डोलावतो आणि करतो आपल्या मनाचं. सापाला आपला परिसर ठाऊक असतो. दूर नेऊन टाकला की तो भांबावतो. आगुंब्याच्या संशोधकांनी नागराजांच्या अंगात रेडिओ-ट्रान्समीटर बसवले, तेव्हा दूर सोडलेला नागराज जागा न सापडल्यागत लांबच्या लांब भटकत राहिलेला त्यांना दिसला. म्हणून जाणकार माणूस साप जवळच्याच झाडीत सोडतो, फक्त कुठल्या झाडीत ते सांगत नाही. सांगितलं तर मिरच्या पुन्हा चुलीत पडतील.

तो निघताना काकी चहा घेऊन बाहेर आली. कानांत दोन्ही कुडी होती.

"एकटोच आशिल्लो न्ही?"

"एकटोच, काकी. साप जोडयेन रावनात."

"तुका कोणें सांगलां?"

त्याने चहा संपवला, बशी परत दिली, हेल्मेट उलटं करून आत डोकावला, ते झटकलं, घातलं. मग स्कूटरची डिकी उघडून बराच वेळ वाकून पाहत राहिला. काकीने खळ्यातल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "पळयात! तोच पळयता!" आणि आजीने पाय पुन्हा खुर्चीवर घेतले.